आश्रमातील माणसाचे हक्क
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून वृद्धाश्रमाविषयी बोलणे काहींना अस्थानी वाटेल. परंतु मुलगा शिकतो, नोकरीसाठी मुंबईला आणि तेथून आखातात जातो. मुलगी सासरी जाते. आणि गावच्या घरात थकलेले आईबाप उरतात. आपल्या शिक्षणाच्या पाठोपाठच हा प्रश्न आपल्या दारात आलेला आहे.

आईवडिलांना सांभाळणे हे मुलांचे कर्तव्य आहे, याबद्दल आपल्यात दुमत नाही. २००७ च्या कायद्याने तर ते कायदेशीर बंधनच केले आहे, आणि सांभाळण्याची जबाबदारी असलेल्याने ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडून दिले तर शिक्षाही सांगितली आहे. पण आज माझा मुद्दा वेगळा आहे. काही कारणाने माणूस संस्थेत राहायला गेलाच, मग तो वृद्धाश्रम असो, मनोरुग्णांचे निवासस्थान असो की अपंगांचे वसतिगृह, तर उंबरठा ओलांडताच त्याचे हक्क संपतात काय?

आपण सहज म्हणतो, "दोन वेळ खायला मिळते, डोक्यावर छप्पर आहे, आणखी काय हवे?" पण छपराखालीही माणूस माणूसच राहतो. कोणते कपडे घालावेत, कोणाला भेटावे, आपले पैसे कोठे ठेवावेत, याबाबत त्याला स्वतःचे मत असते. ते मत विचारलेच जात नसेल, तर तो रहिवासी न राहता केवळ आश्रित होतो.

हे दुर्लक्ष कोठवर जाऊ शकते, ते ६ ऑगस्ट २००१ रोजी दिसले. तामिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एर्वाडी येथे प्रसिद्ध दर्गा आहे. बरे होण्याच्या आशेने लोक आपल्या मनोरुग्ण नातेवाइकांना तेथे आणत, आणि आसपासच्या खासगी निवासांत ठेवून जात. त्या पहाटे अशाच एका निवासाला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते, त्यांना पळता आले नाही. २८ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांना तेथे ठेवणारे त्यांचे शत्रू नव्हते, घरचेच लोक होते. श्रद्धेने नेले, विश्वासाने ठेवले. पण आपला माणूस तेथे कसा राहतो, ही चौकशी झाली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला आणि २०१८ पासून लागू झाला. मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास त्याने बंदी घातली. स्वच्छ जागा, पौष्टिक अन्न, खासगीपणा, करमणूक, आपल्या धर्माप्रमाणे आचरण, इच्छा असल्यास स्वतःचे कपडे वापरणे आणि जबरदस्तीने मुंडण न होणे, हे हक्क त्यात नोंदवले आहेत. केवळ घरच्यांनी स्वीकारले नाही म्हणून कोणालाही संस्थेत अडकवून ठेवता येणार नाही, असेही हा कायदा म्हणतो.

वृद्धांबाबत २००७ च्या कायद्यात, प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम सरकारने उभारावा, अशी तरतूद आहे. परंतु इमारत उभी राहिली म्हणजे निम्मेच काम झाले. आत माणूस कोणत्या नियमांखाली जगतो, हे उरलेले निम्मे.

कोणी म्हणेल, शिस्त नको का? शिस्त अवश्य हवी. पण प्रत्येक नियमाला एक प्रश्न विचारावा : हा नियम राहणाऱ्याच्या हितासाठी आहे, की चालवणाऱ्याच्या सोयीसाठी? अमेरिकेने १९८७ साली तेथील शुश्रूषागृहांसाठी कायदा केला, त्यात हाच विचार आहे. कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी किंवा शिक्षा म्हणून रहिवाशाला बांधून ठेवता येत नाही, आणि रहिवाशांना आपले मंडळ स्थापून गाऱ्हाणी मांडण्याचा हक्क आहे. आपल्याकडील आश्रमांतही महिन्यातून एकदा रहिवाशांची बैठक भरवायला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. त्याला पैसाही लागत नाही.

पालकांना माझी विनंती आहे. घरातील कोणाला संस्थेत ठेवण्याची वेळ आली, तर प्रथम त्याची स्वतःची संमती घ्या. मग संस्थेत चौकशी करा. नातेवाइकांना केव्हाही भेटता येते का? पेटीची किल्ली कोणाकडे राहते? तक्रार केल्यास त्रास तर होत नाही ना? त्याच्या भाषेत बोलणारे कोणी आहे का? नमाजाला जागा आणि रमजानमध्ये सहरीची सोय आहे का? आणि आपल्या समाजाने असा आश्रम काढला, तर तेथे येणाऱ्या इतर धर्मीयांनाही त्यांचे आचरण तितक्याच मोकळेपणाने करता आले पाहिजे. आपल्यासाठी मागतो ते दुसऱ्याला नाकारणे न्यायाचे नाही.

विद्यार्थी मित्रांनो, वर्षातून एकदा फळे वाटून, फोटो काढून परत येणे म्हणजे सेवा नव्हे. फोटो काढण्यापूर्वी त्या माणसाची परवानगी विचारा. तो नको म्हणाला तर काढू नका. महिन्यातून दोनदा जा, नावे लक्षात ठेवा, वर्तमानपत्र वाचून दाखवा. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला लागतो, तो मोबाइलवरून काढायला मदत करा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. तो क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. ज्या आश्रमात बाहेरची माणसे नियमित येतात, तेथे अन्याय लपवणे कठीण होते.

शिक्षणाने आपल्याला अर्ज लिहायला, कायदा वाचायला आणि प्रश्न विचारायला शिकवले. ज्यांचा आवाज दाराबाहेर पोहोचत नाही, त्यांच्यासाठी हे शिक्षण वापरावे, एवढेच मागणे आहे.