खारं पाणी, काळी माती आणि जुनी फियाट



वऱ्हाडात गाडी गंजत नाही, असं जुन्या गाड्यांचे शौकीन छातीठोकपणे सांगतात. त्यात तथ्य आहे. मुंबईत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि समुद्राचा खारा वारा बारा महिने वाहतो. अकोल्यात पाऊस जेमतेम आठशे मिलिमीटरच्या आसपास. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्यानं गंजू लागतं. अकोल्याच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, दुपारची हवा त्याच्या जवळपासही फिरकत नाही. म्हणूनच अमरावती-अकोल्याकडची अँबॅसेडर किंवा पद्मिनी विकणारा माणूस ‘गाडी इकडचीच आहे’ हे आवर्जून सांगतो.

अशी गाडी नीट करायला घेतली, सीट काढल्या, तळाचं मॅटिंग उचललं, की कधीकधी वेगळंच चित्र दिसतं. वरचा रंग आरशासारखा असतो आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बोटानं दाबला तरी आत जातो. कोरड्या मुलखात हे कसं झालं?

उत्तर हवेत नाही, पाण्यात आणि मातीत आहे. सातपुड्यात उगम पावून अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांतल्या कित्येक गावांत विहिरीचं आणि बोअरचं पाणी इतकं खारं, की ते तोंडात धरवत नाही. वान धरणाचं पाणी पाइपानं आणणारी अकोटकडची ८४ खेडी योजना याच कारणानं उभी राहिली. पिण्याचं पाणी नळानं आलं, पण अंगण, गुरं आणि गाडी धुवायला बोअर आहेच. उन्हात वाळलेल्या गाडीवर या पाण्याचे पांढरे डाग उठतात. बोनेटवरचे डाग पुसले जातात. दरवाज्याच्या आत आणि तळाच्या पोकळ भागात शिरलेल्या पाण्याचं मीठ मात्र तिथंच राहतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे एरवी कोरड्या वाटणाऱ्या हवेतही पत्रा ओलसर राहतो, आणि मिठातलं क्लोराइड गंजाचा वेग वाढवतं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहूनही दर रविवारी असं स्नान घडलेली गाडी तळातून किनाऱ्यावरच्या गाडीसारखी निघू शकते.

त्यात आपली काळी माती. जुलैमध्ये पांधणीतून आलेल्या गाडीच्या मडगार्डखाली जो गारा बसतो, तो वाळून दगड होतो आणि पुढच्या सरीत पुन्हा ओलावतो. तो चिकटलेला आहे म्हणजे पत्र्याला जणू आवरणच मिळालं, असं कुणाला वाटेल. घडतं उलटं. केंब्रिजचे शास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात खाऱ्या पाण्याचा एक थेंब पोलादावर ठेवून हे दाखवून दिलं. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन पोहोचतो, मधोमध पोहोचत नाही, आणि धातू झिजतो तो मध्यभागी. मातीच्या थराखाली, दोन पत्र्यांच्या फटीत, ओल्या मॅटिंगखाली हाच प्रकार चालतो. हवा कमी पोहोचते तिथलाच पत्रा खाल्ला जातो आणि ती जागा डोळ्यांना दिसत नाही.

आता सगळ्या गाड्यांना ही गोष्ट सारखीच बाधते असं नाही. जीपला स्वतंत्र चासी असते. बॉडीचा पत्रा सडला तरी बॉडी उचलून काढता येते आणि खालची चौकट शिल्लक राहते. फियाट आणि अँबॅसेडर यांची गोष्ट वेगळी. त्यांत घडवलेला पत्राच गाडीचा सांगाडा असतो. दरवाज्यांच्या खाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी एक पोकळ पेटी असते. बाहेरून ती नुसती कड वाटते, पण गाडीचा कणा तीच.

१९५४ च्या सुमारास मुंबईतल्या कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून बाहेर पडू लागलेली फियाट ११०० घ्या, म्हणजे लोकांनी प्रेमानं ‘डुक्कर फियाट’ म्हटलेली गाडी. तिची पुढची दारं मधल्या खांबाला बिजागऱ्यांनी टांगलेली आणि मागचीही त्याच खांबाला. चार दारांचा भार दोन खांबांवर, आणि खांबांचे पाय त्या पोकळ पेटीत रोवलेले. पेटी आतून सडली की खांब किंचित खचतो आणि दार लावताना उचलावं लागतं. मग कुणीतरी बिजागरी ठोकून दार बसवून देतं आणि मूळ दुखणं आणखी काही वर्षं झाकलं जातं.

जुन्या दुरुस्तीचे थर उलगडताना खरी कसोटी लागते. ग्राइंडर फिरवला की आधी रंगाचे तीन-चार थर निघतात, मग पिवळसर पुट्टी, आणि काही ठिकाणी ती बोटभर जाड. पुट्टीखाली फायबरचं कापड. त्याखाली रिव्हेट मारून बसवलेला पत्र्याचा तुकडा, कधी चक्क तेलाच्या डब्यातून कापलेला. आणि त्या तुकड्याच्या मागे मूळचा सडका पत्रा तसाच, न कापलेला. सगळ्यात जास्त नुकसान या शेवटच्या गोष्टीनं होतं. जुन्यावर नवा पत्रा चढवला की दोघांच्या मध्ये फट तयार होते, तिच्यात पाणी साचतं आणि दोन्ही पत्रे एकदम खाल्ले जातात. वरून गॅसनं झाळलं असेल तर मागच्या बाजूचा रंग जळून उघडं पोलाद राहतं. तिथं पुन्हा रंग द्यायला हातच पोहोचत नाही, त्यामुळे दुरुस्तीच्या दिवसापासूनच नव्या गंजाला सुरुवात होते. पुढं गंज फुगतो. मूळ लोखंडापेक्षा तो कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून एके दिवशी रंगावर फोड दिसतो. तो दिसेपर्यंत मागचा पत्रा संपलेला असतो.

याचा सगळा दोष जुन्या मिस्त्र्यांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. या गाड्यांचे तळाचे पत्रे बाजारात तयार मिळणं केव्हाच बंद झालं. गिऱ्हाइकाला गाडी लग्नसराईच्या आधी हवी असते आणि पैसे रंगाचे द्यायचे असतात, तळाचे नाहीत. शिवाय पुट्टी दिसली म्हणजे फसवणूक झाली, असंही नसतं. पूर्वी कारखान्यांतच पत्र्यांचे सांधे शिशाच्या मिश्रधातूनं भरून घासले जात. पोचा सपाट करायला पातळ हातानं लावलेली पुट्टी हा योग्य वापर आहे. भोक बुजवायला लावलेली पुट्टी मात्र धोका आहे, कारण ती वजन पेलत नाही आणि मागून ओल शोषते.

मोठे कारखानेही यातून सुटले नाहीत. इटलीच्या लान्चिया कंपनीच्या बीटा या गाडीत इंजिन पेलणारी खालची चौकट गंजते, हे ब्रिटनमध्ये उघड झालं आणि १९८० च्या सुमारास कंपनीला तिथल्या गिऱ्हाइकांकडून गाड्या परत घ्याव्या लागल्या. तिथंही गाडी बाहेरून देखणीच होती.

मग घेण्याआधी तपासायचं कसं? साधं लोहचुंबक घ्यावं, रंगाला ओरखडा पडू नये म्हणून पातळ कापडात गुंडाळावं आणि दाराखालच्या कडेवरून, मडगार्डच्या काठावरून, मागच्या चाकाच्या कमानीवरून सावकाश फिरवावं. चांगल्या पत्र्यावर ते घट्ट बसतं, जाड पुट्टीवर सुटतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून ऐकावं. शाबूत पत्रा वाजतो, भरलेली जागा मुकी लागते. दाराच्या तळाशी पाणी निघायला ठेवलेली छोटी भोकं उघडी आहेत का ते पाहावं. मातीनं किंवा रंगानं बुजलेली असतील तर दार आतून सडलेलं असण्याचा संभव मोठा. आणि तळाला नुकतंच काळं डांबरी कोटिंग मारलेलं दिसलं तर ते थोडं खरवडू द्या, असा आग्रह धरावा. मालक नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे.

दुरुस्तीत कामाचा क्रम सर्वांत महत्त्वाचा. पेटी कापण्याआधी गाडी समपातळीवर टेकवावी आणि दारांच्या चौकटीत लोखंडी आधार तात्पुरते जोडून घ्यावेत, नाहीतर कापताना बॉडी वाकते आणि मग कुठलंच दार बसत नाही. सडका भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापून काढायचा, म्हणजे फोडाच्या चौपट जागा कधीकधी जाते. नवा तुकडा कडेला कड भिडवून, थांबत थांबत, ठिपक्या-ठिपक्यांनी सीओटू वेल्डिंगनं जोडायचा. हा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेरचा असतो, सलग तापवला तर लाटेसारखा उठतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारे आपल्याकडचे कारागीर जाड पत्र्यात वाकबगार आहेत. या पातळ कामासाठी मात्र त्यांनाही आधी भंगार पत्र्यावर हात बसवू द्यावा. शेवटी जस्ताचा प्रायमर, पोकळीत लांब नळीनं सोडलेलं मेण, आणि पाण्याची भोकं मोकळी. रंगाचा नंबर त्यानंतर.

कागदाचंही भान हवं. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळू लागला. पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये, नूतनीकरणाला पाच हजार. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. तेव्हा सडका पत्रा बदलताना मूळ आकार राखणं, आणि चासी नंबर कोरलेला भाग काहीही झालं तरी न कापणं, याला कायद्याचंही वजन आहे. काम सुरू करण्याआधी त्या नंबराचा, मग कापलेल्या प्रत्येक जागेचा, नव्या तुकड्याचा आणि वेल्डिंगचा रंग चढण्याआधी फोटो काढून ठेवावा. गाडी पुढे विकायची झाली तर ती फोटोंची फाइल आरसी बुकाबरोबर द्यावी, म्हणजे घेणाऱ्याला चुंबक फिरवत बसावं लागणार नाही आणि पुढच्या मिस्त्रीला कुठं काय केलंय ते आधीच ठाऊक असेल.