स्वस्त कापडाचा हिशेब



जागतिकीकरण आणि विषमता या विषयासाठी अर्थतज्ज्ञ बोलवावयास हवा होता. संयोजकांनी कापड दुकानदारास उभे केले आहे. माझे बी.कॉम.चे अर्थशास्त्र आता पुसट झाले. म्हणून सांगलीच्या पेढीवर बसून जे पाहिले, तेवढेच निवेदन करतो.

माण, खटाव, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागांतून पिढ्यान् पिढ्या माणसे मुंबईच्या कापड गिरण्यांत गेली. त्यांच्या मनिऑर्डरींवर गावाकडची उधारी फिटत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि वडिलांच्या खातेवहीतील कित्येक नावे कायमची येणे बाजूस राहिली. हा आघात १९९१ च्या आधीचा आहे. सगळाच दोष त्या एका वर्षावर टाकण्याची आपणांस सवय जडली आहे, म्हणून हे सांगितले.

श्रीमंत देशांनी १९७४ पासून कापडाच्या आयातीवर घातलेला कोटा १ जानेवारी २००५ रोजी संपुष्टात आला. आता विट्याचे कापड जगभर जाणार, असे आम्ही व्यापारी एकमेकांस सांगत होतो. परंतु कोटा उठला तो सर्वांसाठीच. मोठी मागणी चीनकडे वळली, शिवणकाम बांगलादेशात वाढले. आठ साध्या यंत्रमागांचा मालक ना घाऊक भावाने सूत घेऊ शकत होता, ना निर्यातदाराच्या दारापर्यंत पोहोचत होता.

स्वस्त कापड वाईट, असे मी म्हणणार नाही. माझ्या लहानपणी शेतमजुराच्या घरी नवे कापड सणालाच दिसे. आज त्याची नात कॉलेजला नीटनेटकी जाते. मात्र २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे दगावली. आदल्या दिवशीच भिंतींना तडे गेले होते. त्याच इमारतीतील बँकेने आपली माणसे घरी पाठविली. शिवणकाम करणाऱ्या बायकांना मात्र पगार कापण्याचा धाक घालून आत घेण्यात आले. त्या आठवड्यात मी दुकानातील तयार कपड्यांच्या पट्ट्या उलटून पाहिल्या होत्या.

आता माझा स्वतःचा हिशेब. विट्याचा एक मागवाला आम्हांस वीस वर्षे माल देत असे. दुसरीकडे मीटरमागे सव्वा रुपया कमी पडला आणि मी त्याचा माल बंद केला. त्याने वाद घातला नाही. "शेठ, तुमचंबी दुकान हाय," एवढेच म्हणाला. पुढे त्याचे माग भंगाराच्या भावाने गेले. त्या सव्वा रुपयातले गिऱ्हाइकास मी आठ आणे सोडले. उरलेले बारा आणे पेढीत राहिले.

त्याचा मुलगा आता दक्षिणेत सोने गाळण्याच्या गलाई दुकानात काम करतो. गतवर्षी बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधण्यास तो आमच्याच दुकानी आला. मी बिलात सूट लिहिली. त्याने ती खोडावयास लावली आणि पूर्ण पैसे मोजून दिले.