धसकटं उभी राहू द्या

23 जानेवारी 2022 आठवतो? अंधेरी-बोरिवलीत उभ्या गाड्यांवर पांढुरकी धूळ साचली होती. पाकिस्तानच्या बाजूचं धुळीचं वादळ अरबी समुद्र ओलांडून आलं होतं.

अशी धूळ उठते कशी? वारा उघड्या, कोरड्या रानावर येतो, तेव्हा वाळूचे कण टुणटुणत उडतात. खाली आपटताना ते बारीक माती मोकळी करतात आणि तीच दूरवर जाते. सुपीकता असते नेमकी या बारीक मातीत! ज्वारी-बाजरीची धसकटं शेतात उभी असली, तर जमिनीलगत वारा मंदावतो, उडालेले कण बुंध्यांशी अडकतात. आडवा पाचोळाही उपयोगी; पण तेवढीच ताटं उभी असली, की वारा जास्त अडतो.

सोलापूरकडे रब्बी ज्वारी मुळासकट उपटतात. कडब्याला भाव असतो, त्यामुळे शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? निदान वीतभर बुंधा ठेवून कापणी करता येईल.

मुळं जमिनीतच ठेवणारी शेती पाहायची, तर घाटकोपर-मुलुंडहून कर्जत लोकलने नेरळला जा. तिथले शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रात नांगरट नाही. कापणीनंतर मुळं गादीवाफ्यातच कुजू देतात. कोकणात माती नेतो तो मुख्यतः पाऊस, वारा नव्हे. पण मुळांची पकड दोघांनाही पुरून उरते.