काका कालेलकरांची हिमालययात्रा

तरुणपणी पायी तुडवलेली वाट पुढच्या आयुष्याला किती पुरते, याचे एक उत्तर काका कालेलकरांच्या चरित्रात सापडते.

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म 1885 साली साताऱ्यास झाला. वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे कारवार, बेळगाव, धारवाड असे हिंडत त्यांचे बालपण गेले. फर्ग्युसन महाविद्यालयाची पदवी घेऊन त्यांनी ‘राष्ट्रमत’ दैनिकात काम केले आणि 1910 साली ते बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षक झाले. बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांच्या या राष्ट्रीय शाळेत शिक्षकांना घरच्या नात्यांनी हाक मारीत. कोणी मामा झाले, कोणी अण्णा. दत्तात्रेय ‘काका’ झाले. पुढे सरकारचा रोष ओढवून विद्यालय बंद पडले. नाव तेवढे सोबत राहिले.

हाती घेतलेले कार्य असे मोडले म्हणजे तरुण मन सैरभैर होते. 1912 साली काका साधनेच्या ओढीने हिमालयाकडे निघाले. स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर हे त्या वाटेवरचे त्यांचे सोबती. यमुनोत्री, गंगोत्री, केदार, बदरी अशी ती पायी यात्रा. मात्र मागे पत्नी होती, लहान मुले होती. अशा यात्रेचे अर्धे ओझे घरी राहिलेली माणसे वाहतात, हे श्रोत्यांनी विसरू नये.

हिमालयात गेले साधनेसाठी. परतले ते पुन्हा शिक्षणाकडेच. 1915 साली शांतिनिकेतनात गांधीजींची भेट झाली आणि पुढे साबरमती आश्रमाची शाळा हेच त्यांचे कार्यक्षेत्र ठरले. तिथल्या मुलांसाठी त्यांनी त्या वाटेच्या आठवणी लिहिल्या, त्याही गुजरातीत. 1924 साली ‘हिमालयनो प्रवास’ पुस्तकरूपाने आले. यात्रा आणि पुस्तक यांत 12 वर्षांचे अंतर आहे. चालताना पायांना जे लागते ते तेव्हाच कळते. मनाला काय लागले, ते कळायला पुष्कळदा इतका काळ जावा लागतो.

मैत्रीही डोंगरात राहिली नाही. साधू म्हणून हिंडणारे स्वामी आनंद ‘नवजीवन’च्या छापखान्याचा कारभार पाहू लागले आणि काका त्याच पत्राचे लेखक झाले. वाटेवरचे सोबती कामातले सोबती बनले.

पुढे क्षयाने काकांना गाठले. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. विश्रांती, मोकळी हवा आणि धीर एवढाच आधार. दूरदूर चालणाऱ्या माणसाला अंथरुणावर स्वस्थ पडून राहणे शिकावे लागले. त्यातून ते उठले, 1928 साली गुजरात विद्यापीठाचे कुलनायक झाले, आणि 1930 साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे सोबती होते.

स्वामी आनंद 1976 साली गेले. काका 1981 साली, वयाच्या 95व्या वर्षी. बंद पडलेल्या एका शाळेतून निघालेली त्यांची वाट शेवटी मुलांच्या हाती पुस्तक होऊन पोचली, आणि शिक्षकाला याहून मोठी यात्राफलश्रुती कोणती?