आधी विद्या, मग चाक!

(बस व मालमोटारी चालवावयास शिकणाऱ्या तरुणांपुढे हुमनाबाद येथे आमच्या संपादकांनी केलेले भाषण)



आपण मला इथे बोलावलेत, याचे मला प्रथम नवल वाटले. मी बी.ए. झालो तो मराठी वाङ्मय घेऊन. गेली वीस वर्षे लेखणी आणि सभा यांतच गेली. जीपगाडी मला चालवता येते. पण भरलेली मालमोटार मी जन्मात कधी हाकलेली नाही. तेव्हा गिअर कसा टाकावा हे मी आपणांस सांगू लागलो, तर इथे बसलेले उस्ताद मिशीतल्या मिशीत हसतील आणि ते योग्यच होईल. मी सांगणार आहे ते निराळे आहे. परवाना मिळवणे आणि विद्या मिळवणे या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढेच मला सांगावयाचे आहे. ते सांगण्याचा अधिकार मला कसा आला, हेही मी लपवणार नाही.

आपण कुठे उभे आहोत ते आधी पाहा. पुण्याहून सोलापूर, नळदुर्ग, उमरगा करीत हैदराबाद आणि पुढे विजयवाड्याकडे जाणारा 65 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग या हुमनाबादेवरून जातो. नांदेडहून उदगीर, बिदर करीत कलबुर्गी आणि विजापूरकडे उतरणारा 50 क्रमांकाचा महामार्गही इथेच त्याला भेटतो. वाडीचे आणि सेडमचे सिमेंट, शहाबादची फरशी, कलबुर्गीची तूरडाळ, भालकी-हुमनाबादचा ऊस, हे सारे कोणाच्या जिवावर फिरते? चाकावर बसलेल्या माणसाच्या! एक रात्र तो झोपी गेला, तर दुसऱ्या दिवशी बाजार उघडावयाचा नाही. असे असून त्याच्या शिक्षणाकडे मात्र कोणाचेच लक्ष नाही. इंजिनिअरच्या शिक्षणाची चिंता सरकार करते, डॉक्टरच्या शिक्षणाची चिंता समाज करतो. पन्नास माणसांचे प्राण ज्याच्या दोन हातांत असतात तो माणूस मात्र 'आपोआप' शिकेल, असे आपण धरून चाललो आहोत.

निजामाच्या राजवटीवर आम्ही स्तुतिसुमने उधळावीत असे काही नाही. पण खरे ते खरे म्हटले पाहिजे. 1932 च्या जून महिन्यात हैदराबाद संस्थानाने आपल्या रेल्वे खात्याच्या जोडीला मोटार खाते काढले, तेव्हा त्यात 27 बसगाड्या आणि 166 नोकर होते. सरकारने स्वतः उतारूंच्या गाड्या चालवाव्यात, ही कल्पना त्या वेळी हिंदुस्थानात नवीनच होती. तिकडे मुंबई राज्यात एस.टी.ची पहिली गाडी धावली ती 1 जून 1948 रोजी, पुण्याहून अहमदनगरला. त्या गाडीचे चालक किसन राऊत यांचे नाव महाराष्ट्र आजही घेतो.

मग 1 नोव्हेंबर 1956 चा दिवस उजाडला. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि या बिदर जिल्ह्याचेही तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद आणि खुद्द बिदर म्हैसूर राज्यात आले. बसगाड्यांचीही तीन वाटण्यांत विभागणी झाली. आज या भागात ज्या सरकारी बस धावतात, त्या कलबुर्गीच्या महामंडळाच्या. ते 15 ऑगस्ट 2000 रोजी ईशान्य कर्नाटक या नावाने निघाले आणि 2021 पासून कल्याण कर्नाटक या नावाने ओळखले जाते.

माणसे वाटली गेली, गाड्या वाटल्या गेल्या. परंतु रस्ता वाटला गेला नाही! सकाळी बिदरहून निघालेला चालक दुपारच्या आत उदगीरला पोचतो. मध्ये कोणती सरहद्द गेली हे त्याच्या चाकाला कळत नाही. आणि मित्रहो, तुमच्या खिशात उद्या जो परवाना येणार आहे, तोही असाच आहे. भालकीत मिळालेला परवाना लातुरात चालतो, सोलापुरात चालतो, जहीराबादेत चालतो, थेट गुवाहाटीपर्यंत चालतो. कायद्याने तो साऱ्या भारतात ग्राह्य आहे. नोकरीच्या जागा थोड्या आणि अर्ज करणारे फार, अशा या कोपऱ्यातल्या मुलाला सीमेवर न अडणारा असा दुसरा कागद क्वचितच मिळतो. म्हणूनच तो कागद खोटा असता कामा नये!

कायदा काय मागतो? फार काही मागत नाही. वयाची 20 वर्षे पुरी असावीत. हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हाती असावा. त्यानंतर शिकाऊ परवाना काढावा, तो घेतल्यावर निदान 30 दिवस शिकावे. डॉक्टरने शरीर, डोळे तपासलेले असावेत. मान्यताप्राप्त प्रशिक्षण शाळेचे प्रमाणपत्र असावे. मग आरटीओपुढे गाडी चालवून दाखवावी. पूर्वी आठवी पास असण्याची अट होती. ती 2019 मध्ये काढून टाकली गेली. मी त्या निर्णयाचे स्वागत करतो. ज्याला घरच्या दारिद्र्याने शाळेतून उठवले, त्याला रस्त्यावरूनही उठवणे हा अन्याय होता. पण शाळेची अट गेली म्हणजे शिक्षणाची अट गेली, असा अर्थ कोणी काढील तर तो स्वतःचा घात करील. ज्याला शाळेत वाचावयास मिळाले नाही, त्याला तर हे शिक्षण अधिक नीट मिळाले पाहिजे.

6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला, की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला 7,500 किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवण्यास वेगळ्या नोंदीची गरज नाही. टेम्पो चालवून पोट भरणाऱ्या हजारोंना त्याने दिलासा मिळाला. पण न्यायालय नोंद माफ करू शकते; भरलेल्या गाडीचा वेग आणि तिचे वजन कोणालाच काही माफ करीत नाहीत.

आता माझी गोष्ट. ती सांगताना मला लाज वाटते. पण सांगितलीच पाहिजे.

काही वर्षांपूर्वी चळवळीतला एक तरुण माझ्याकडे आला. मोर्च्यात पुढे असणारा, पत्रके वाटणारा, गुणी मुलगा. घरी दोन एकर कोरडवाहू. म्हणाला, "भाऊ, ट्रकवर नोकरी मिळते आहे, फक्त लायसन्स पाहिजे. तुमच्या ओळखीने लवकर होईल." मी कसलाही विचार न करता एका दलालाला शब्द टाकला. मुलाने प्रशिक्षण शाळेचे तोंड पाहिले नाही. प्रमाणपत्र घरी आले, परवानाही आला. मला वाटले, आपण एका गरिबाच्या पोरावर उपकार केले!

चार महिन्यांनी, पावसाळ्यात, तूर भरलेली गाडी घेऊन तो रात्रीचा येत होता. समोरून बस आली. त्याने गाडी डावीकडे घेतली. डांबराखाली साइडपट्टी होती ती काळ्या मातीची आणि पाण्याने लोण्यासारखी झालेली. चाक तीत गेले. त्याने घाबरून एकदम ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग उजवीकडे ओढले. गाडी उलटली. तो वाचला. शेजारी बसलेला क्लीनर गेला. सतरा वर्षांचा होता.

मी त्या क्लीनरच्या घरी गेलो. त्याची आई उंबऱ्यात बसली होती. ती रडली नाही, तिने शिव्याही दिल्या नाहीत. तिने मला एकच विचारले, "भाऊ, त्या चालवणाऱ्याला गाडी येत व्हती का?"

मंडळी, मी हजारो लोकांपुढे भाषणे केली आहेत. त्या माउलीपुढे मला एक शब्द बोलता आला नाही. तिला ठाऊक नव्हते, की त्या परवान्यामागे माझा शब्द होता. आज ते मी आपणा सर्वांपुढे कबूल करतो. त्या दिवसापासून परवान्यासाठी मी कोणाला शब्द टाकलेला नाही आणि टाकणारही नाही. शिकण्याच्या खर्चासाठी मात्र माझ्या दाराशी कोणीही यावे.

कोणी म्हणेल, आमचे बापजादे कुठे शाळेत शिकले? क्लीनर म्हणून चढले, उस्तादाच्या हाताखाली शिव्या खात, चाके बदलत शिकले आणि नामांकित चालक झाले. खरे आहे. त्या उस्तादांपुढे मी हात जोडतो. रस्ता वाचावा कसा, इंजिनाचा आवाज ओळखावा कसा, हे त्यांच्याइतके कोण शिकवणार? पण उस्तादाकडून विद्येबरोबर खोडीही येतात. डिझेल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणे, ही अशीच एक पिढीजात खोड. गिअरमध्ये असलेली गाडी इंजिन धरून ठेवते; न्यूट्रल केली की सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वेळी पकड सोडतात. वाचलेल्या लिटरभर डिझेलची किंमत मग प्राणांनी मोजावी लागते. हवेच्या ब्रेकची टाकी पुरती भरल्याशिवाय गाडी हलवू नये. उतारावर ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून ती हवा उधळू नये. लांब गाडी वळताना तिची शेपटी कुठे जाते ते आरशात पाहावे. ओल्या साइडपट्टीवर चाक गेलेच तर एकदम ब्रेक न दाबता वेग हळूहळू उतरवावा आणि मगच चाक वर घ्यावे. ही वाक्ये सांगावयास पाच मिनिटे लागत नाहीत. ती त्या मुलाला कोणी सांगितली नव्हती. सांगितली असती, हातून करून घेतली असती, तर कदाचित त्या माउलीचा मुलगा आज स्वतः उस्ताद झाला असता.

हे शिक्षण किती दिवसांचे? 2021 च्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात अवजड वाहनाचा अभ्यासक्रम 38 तासांचा आणि सहा आठवड्यांचा आहे. त्यात हाताचे काम आहे, तसेच वाहतुकीचे नियम, यंत्राची माहिती, प्रथमोपचार आणि उतारूंशी वागण्याची रीतही आहे. आयुष्यभराच्या भाकरीसाठी सहा आठवडे! गवंड्याचा, सुताराचा मुलगा याहून कितीतरी अधिक दिवस हातोडी धरावयास शिकतो.

या गावी महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र आहे, ही आपल्या भागाची जमेची बाजू. पण खाजगी मालमोटारीवर जाणाऱ्या मुलाला दार कुठे आहे? म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली मालमोटारींच्या मालकांकडे: आपल्या क्लीनरला दोन वर्षे राबवता, तर त्याच्या सहा आठवड्यांची फी भरा आणि त्या काळाची मजुरी कापू नका. गाडी लाखांची, माल लाखांचा आणि चालकाच्या शिक्षणाला मात्र दमडी नाही, हा कुठला व्यवहार? दुसरी मागणी सरकारकडे: या सीमाभागात मराठी बोलणाऱ्या मुलाला हे धडे मराठीतून मिळाले पाहिजेत. यात कन्नडचा द्वेष नाही. आमचा चालक मराठी बोलतो, कन्नड बोलतो, तेलुगू समजतो आणि धाब्यावर दखनीत गप्पा मारतो. चार भाषांचा असा धनी विद्यापीठातही विरळा! परंतु ब्रेक का निकामी होतो, हे ज्या भाषेत आईने बोलावयास शिकवले त्या भाषेत एकदा समजावे, म्हणजे संकटाच्या क्षणी ते आठवते. तिसरी मागणी साखर कारखान्यांकडे: हंगामात रात्री उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा धावतात. शिकलेल्या चालकालाही अंधारातला अडथळा दिसत नाही.

2022 साली या देशात रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मेली. हा सरकारचा आकडा आहे. प्रत्येक अपघात चालकाच्या चुकीने होतो असे मुळीच नव्हे. रस्ता वाईट असतो, गाडीत नेमापेक्षा जास्त माल कोंबलेला असतो, मालकाने झोपू दिलेले नसते. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 तासांची मर्यादा घातली होती. ती कोणत्या महामार्गावर पाळली गेली, हे आपणच सांगा. 2024 च्या जानेवारीत, अपघात करून पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद सांगणाऱ्या कलमाविरुद्ध देशभरचे चालक रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या भीतीत तथ्य होते. थांबले तर जमाव मारतो, पळाले तर कायदा मारतो! ते कलम 1 जुलै 2024 रोजी इतर कायद्याबरोबर लागू झाले नाही, ते त्या एकजुटीमुळे. पण हक्कासाठी भांडणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात. "मी पूर्ण शिकलो आहे, माझी गाडी मी तपासली आहे, मी झोपलेलो नव्हतो," असे ज्याला छातीवर हात ठेवून म्हणता येते, त्याच्यापुढे मालकही नमतो आणि न्यायालयही ऐकते. दलालाच्या परवान्यावर बसलेला चालक कोणाशीच भांडू शकत नाही. कारण त्याच्या भांडणाचे मूळच कच्चे असते.

तरुण मित्रहो, उद्या आपली परीक्षा आहे. कोणी आपल्या कानाशी लागून म्हणेल, 'एवढे दिले की मैदानात उतरावे लागणार नाही.' त्याला नाही म्हणा. नापास झालात तरी चालेल. पुन्हा शिका, पुन्हा उतरा. आणि परवाना हाती आल्यावर पहिल्या रात्री, गाडीला चावी लावण्याआधी, शेजारी बसलेल्या क्लीनरच्या तोंडाकडे एकदा पाहा. त्याच्या घरी उंबऱ्यात कोणीतरी त्याची वाट पाहत बसलेले आहे. ते जे विचारील त्याचे उत्तर आपल्यापाशी असू द्या.