बसचे घर होईपर्यंत



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असे कार्यवाहबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. सभेत उभे राहून बोलण्याचा प्रसंग कधी आला नाही. पण त्या म्हणाल्या, "तुमच्या बसबद्दल बोला. गल्लीतल्या प्रत्येकीने सात वर्षे ती बस पाहिली आहे. ती पुरी कशी झाली ते तुमच्या तोंडून ऐकू या." म्हणून उभी राहिले आहे. चुकले माकले तर पदरात घ्या.

आमचे हे कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगचे काम करतात, हे आपणास ठाऊक आहेच. २०१७ च्या मे महिन्यात एका शाळेची जुनी बस ह्यांनी १ लाख ३५ हजारांना घेतली आणि घरामागच्या मोकळ्या जागेत आणून उभी केली. एकवीस फूट लांब, पिवळी, खिडक्यांचे रबर सुकून तडकलेले. मला आधी काही विचारले नव्हते. सासूबाईंचे गुडघे गेलेले, एस्.टी.ची पायरी त्यांना चढवेना, परक्या ठिकाणी उतरायचे तर रात्री उठण्याबसण्याची पंचाईत. त्यांना एकदा समुद्र दाखवायचा, तर घरच बरोबर घेऊन जावे, असा ह्यांचा विचार. "दोन वर्षांत करतो," असे म्हणाले. मी त्या दिवशी स्वयंपाक केला, पण बोलले नाही.

एक गोष्ट मात्र ह्यांनी शहाणपणाची केली. हत्यार लावण्याआधी कागद केले. गाडीच्या बांधणीत बदल करायचा तर नोंदणी कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात तसे ५२ वे कलमच आहे. काम पुरे झाल्यावर पुन्हा तपासणी, पुन्हा नोंद. ह्या हेलपाट्यांत पहिले चार महिने गेले. थोरला तोवर फोनवर परदेशातली कामे दाखवी. अमेरिकेत शाळेच्या जुन्या पिवळ्या बसगाड्यांची घरे करण्याची रीत आहे, त्यांना तिकडे 'स्कूली' म्हणतात. पंधरा मिनिटांत रिकामी बस, लगेच ओटा, लगेच पलंग, लगेच पडदे! हे पाहून आमच्याकडच्यांना सुरुवातीला हुरूप येई, आणि पुढे पुढे तेच पाहून हे खचत. शेवटी मी थोरल्याला सांगितले, जेवायच्या वेळी ते दाखवू नकोस.

खरे काम कसे असते ते सांगते. सीटांचे ८४ बोल्ट. गंजून असे बसलेले की डिझेल टाकून रात्रभर ठेवले तरी हलेनात. त्यांतले ६१ ग्राइंडरने कापावे लागले. जमिनीचा जुना प्लाय उचलला तर खाली पत्र्याला गंज. तो तारेच्या ब्रशाने खरवडा, वर रेड ऑक्साइड द्या, मग नवा प्लाय. आपल्याकडच्या उन्हात बसचा पत्रा तव्यासारखा तापतो, म्हणून पत्रा आणि आतला प्लाय ह्यांच्यामध्ये थर्मोकोल भरायचे, छताला बाहेरून पांढरा रंग द्यायचा. आणि हे सगळे रविवारी, तेसुद्धा कोणाचे लग्न-बारसे नसेल तर.

पहिल्या वर्षाच्या शेवटी मी पाहिले की ह्यांचे रविवारचे दोन तास नुसते काम शोधण्यातच जात. पाना कुठे, स्क्रू कुठे, मागच्या वेळी कुठवर आले होते. मग कंटाळून फोन घेऊन बसत. मला बसमधले काही कळत नव्हते, पण स्वयंपाकातले कळते. रात्री डाळ भिजत घातलेली असली की सकाळी वडे करायला उत्साह आहे की नाही हे कोणी विचारत नाही. डाळ भिजली आहे, करावेच लागतात. मी म्हटले, हात धुण्याआधी पुढच्या रविवारचे पहिले काम ठरवा, आणि त्याला लागणारी हत्यारे एका घमेल्यात काढून ठेवा. पहिले काम लहान हवे, अर्ध्या तासाचे. हे हसले, पण घमेले ठेवू लागले. ते घमेले अजून बसमध्ये आहे.

दुसरे, मी एक दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर खर्च, उजव्या पानावर त्या दिवशी काय झाले ते. काय राहिले ते लिहायचे नाही, असे मी ठरवले होते. राहिलेले डोळ्यांना दिसतच असते, त्याला वही कशाला?

आता २०१९. पुराचे आपल्याला मी काय सांगावे? आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आपल्यापैकी कोणाच्या घरात पाणी नव्हते? बस तेव्हा चाके काढून लाकडी ठोकळ्यांवर, बॅटरी काढलेली, इंजिनचे निम्मे भाग खोलीत. हलवणार कशी? आठवडाभर पाण्यात उभी राहिली. परत आलो तेव्हा आत गुडघाभर चिखल, आणि नव्या प्लायचे शिळ्या खारीसारखे पापुद्रे सुटलेले. दोन वर्षांचे काम, आणि माझ्या भिशीचे २० हजार होते त्यात.

भगिनींनो, इथे मला खरे बोलले पाहिजे. भंगारवाल्याला मीच बोलावले. ह्यांना न सांगता. घर धुवायचे, भांडी घ्यायची, मुलांची पुस्तके घ्यायची, त्यात ते धूड कशाला? भंगारवाला किंमत फार पाडून मागू लागला, तेव्हा आमचा किती पैसा गेला आहे हे त्याला सांगावे म्हणून मी वही उघडली. वही फळीवर होती म्हणून वाचली होती. डाव्या पानाची बेरीज करता करता उजवे पान वाचत गेले. '१४ बोल्ट निघाले.' 'मागच्या तीन खिडक्यांचे रबर मी बसवले.' 'पोटीन मी भरले, धाकटीने घासले.' 'गादीच्या खोळी तीन शिवून झाल्या.' इतके दिवस मी ती ह्यांची बस म्हणत होते, आणि वहीत निम्मे काम माझे निघाले. भंगारवाल्याला चहा दिला आणि परत पाठवले. ही गोष्ट ह्यांना आज, इथेच, पहिल्यांदा कळते आहे. मागे उभे आहेत ते.

पुरानंतर ह्यांनी कामाचा क्रम उलटा केला. आधी कपाटे, सनमायका, हौशीच्या गोष्टी चालल्या होत्या. आता आधी इंजिन, ब्रेक, टायर. बस रोज चालू झाली पाहिजे, मग आतले काम. आणि मी अट घातली की पुरी होण्याची वाट पाहायची नाही, जशी आहे तशी वापरायची. २०२० च्या जानेवारीत आम्ही नरसोबाच्या वाडीला गेलो. आत काय होते? मूळच्या पाच सीटा ठेवलेल्या, उरलेली जमीन रिकामी, एक गादी, पाण्याचा कॅन आणि डब्यात धपाटी. सासूबाईंना ह्यांनी आणि थोरल्याने खुर्चीसकट उचलून आत घेतले. घाटावर बस लावून आम्ही जेवलो. सासूबाई जेवल्या आणि तिथेच गादीवर आडव्या झाल्या. कोणाच्या दारी जायला नको, कोणाला उठ म्हणायला नको. परत येताना हे गाडी चालवता चालवता सांगत होते, ओटा डावीकडे नको, उजवीकडे घेऊ. पुरानंतर पाच महिन्यांत बसबद्दल ह्यांच्या तोंडून एक शब्द ऐकला नव्हता.

मार्चमध्ये टाळेबंदी आली. पगार अर्धा, दुकाने बंद. घरात जे होते त्यावर काम चालले: जुन्या साड्यांचे पडदे, उरलेल्या पट्ट्यांची मांडणी. त्याबद्दल जास्त सांगत नाही, तो काळ सगळ्यांचाच तसा होता.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढू लागले. ह्या खेपेस बस चालती होती. पहिल्याच रात्री आम्ही ती विश्रामबागेकडे उंचावर ओळखीच्यांच्या प्लॉटवर नेली. सहा रात्री तिथे राहिलो. आपल्या मंडळाच्या दोन आजी आणि शेजारचे बाळंतपणाला आलेले पोर तान्ह्यासकट आत, पुरुषमंडळी बाहेर ताडपत्रीखाली. कपाटांना दारे नव्हती, दिवा एकच होता. ज्या आजी रोज मला विचारत, "काय गं, तुमची बस शेवटच्या स्टॉपला कधी लागणार?" त्याच आजी आत झोपल्या. त्या समोर बसल्या आहेत आणि हसताहेत, म्हणून मी एवढे बोलू धजते.

ह्या 'कधी होणार' प्रश्नाचा मात्र आम्हाला फार जाच झाला. आपला कोणाचा हेतू वाईट नव्हता, जाता जाता विचारायचे म्हणून विचारतो. पण तारीख सांगावी आणि ती टळावी, असे चारदा झाले की माणूस मागच्या दाराने घरात येऊ लागतो. हे तसे येऊ लागले होते. तेव्हापासून आम्ही तारीख सांगणे सोडले. कोणी विचारले की मागच्या रविवारी काय झाले ते सांगायचे. "काल पाण्याची टाकी बसवली," एवढेच.

त्या टाकीचीही एक गोष्ट आहे. शंभर लिटरची टाकी म्हणजे भरल्यावर शंभर किलो वजन. ती, गॅसचे सिलिंडर आणि दोन्ही बॅटऱ्या, सगळे उजव्या अंगाला बसवले गेले, बस कलली. महिनाभराचे काम उकलून टाकी डावीकडे न्यावी लागली. हे चिडले, पाना फेकला. मी काही बोलले नाही, ब्लाउजची बाही उलटी लागली होती ती उसवत शेजारी बसले. सिलिंडरचे कपाट मात्र फार चांगले झाले आहे, सर्वजणींनी पाहण्यासारखे आहे. ते बाहेरून उघडते आणि त्याच्या तळाला भोके आहेत. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो. वरच्या खिडकीने तो जात नाही. घरीसुद्धा सिलिंडर बंद कपाटात असेल तर हे ध्यानात ठेवावे.

सासूबाई २०२२ च्या दिवाळीनंतर गेल्या. समुद्र राहिला. त्यांच्यासाठी चढायला लोखंडी उतरण केली होती, ती वेल्ड करून आदल्याच रविवारी रंगवली होती. ह्यांनी बसला कुलूप घातले. जानेवारी गेला, होळी गेली. घमेले तसेच भरलेले, आतल्या पान्यांना गंज चढू लागला. नातेवाईक म्हणत, आईसाठीच पुरी कर. मला ते पटेना. ज्याच्यासाठी करायची ते माणूसच नाही, तर त्याच्या नावाने ओढून कसे होणार? मी वहीसुद्धा काढली नाही. जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि आतल्या गादीवर ओल आली. मी एवढेच म्हटले, "छत गळते आहे. गाद्या माझ्या आहेत, खोळी मी शिवल्या आहेत." हे शिडी घेऊन वर चढले. गळतीचे असे असते की पाणी शिरते एकीकडे आणि दिसते दुसरीकडे. दिव्याजवळ टपकत होते आणि भोक होते पुढच्या खिडकीवरच्या रिव्हेटात. ते शोधायला तीन रविवार गेले. सिलिकॉन लावून झाले तेव्हा ह्यांनी खाली येऊन आपण होऊन घमेल्यातले पाने पुसले, तेल लावले. कित्येक महिन्यांचे कुलूप असे उघडले. मी त्या रात्री वहीत लिहिले, 'गळती बंद.'

ती उतरण काढून टाकायची की ठेवायची यावर पुष्कळ दिवस गेले. ठेवली आहे.

२०२४ च्या दिवाळीपूर्वी शेवटची तपासणी होऊन कागद हातात आले. डिसेंबरात आंबा घाटातून खाली उतरून गणपतीपुळ्याला गेलो. हे घाटात गाडी इतकी सावकाश चालवत होते की मागच्या गाड्या हॉर्न वाजवून दमल्या. समुद्राजवळ बस लावली, मी चहा ठेवला. हे उतरण खाली सोडून त्यावर बसून राहिले. मी कप नेऊन दिला, आणि आत जाऊन भात टाकला. त्या वेळी बोलण्यासारखे काही नव्हते.

खर्च किती झाला, असे पुष्कळजणी विचारतात. वही आणली आहे, ज्यांना पाहायची त्यांनी पाहावी; डाव्या पानाची बेरीज धाकटीने केली आहे, ती मला मान्य नाही.

माझे बोलणे लांबले. बस बाहेर सभागृहाच्या अंगाला उभी आहे. मागच्या कपाटाला अजून कडी नाही, मोरीचा पडदा तात्पुरता आहे, आणि उजवीकडचा दिवा मनात येईल तेव्हा लागतो. चहा आतच केला आहे. पाचपाचजणींनी यावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पायरीने चढू नये, मागच्या बाजूला उतरण सोडून ठेवली आहे.