आधी केबल पाहा

माझा भाचा पावसाळ्यात मोटारसायकल डोंगरवाटांवर घालतो. परवा गाडी न्यूट्रल होईना. मेकॅनिक म्हणाला, इंजिन खोलू. मी म्हटलं, थांब रे, आधी केबल बघ. कवीला यातलं काय कळतं, म्हणून भाचा हसला!

श्रोतेहो, क्लच दाबूनही गाडी पुढे ओढते, गियर अडतो, तेव्हा केबल बहुधा सैल असते किंवा चिखलानं जड झालेली. उलट इंजिन नुसतं ओरडतं, वेग वाढत नाही, तेव्हा क्लच घसरतोय. मग केबल फार ताणलेली नाही ना, ते पाहावं. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर ढिलाई हवी. ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए’ असावं. मोटारीच्या पुष्कळ ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. त्यानं तेलात बुडालेल्या क्लचप्लेट घसरतात. चढावर सतत अर्धा क्लच धरला तर त्या जळतातही. आणि गाडी पडून गियरचा पायदांडा वाकला असेल, तर क्लचला बोल लावू नये.